डेसियाच्या डोंगरात रोमन सैन्य कसं शिरलं

प्रश्न असा आहे: रोमसारख्या बलाढ्य साम्राज्याला डेसियाचं एक डोंगरी राज्य जिंकायला दोन युद्धं का लागली? पहिल्या युद्धात हरलेला राजा तीन वर्षांत पुन्हा उभा कसा राहिला? आणि इतके बेलाग किल्ले हाताशी असून दुसऱ्या वेळी तो टिकला का नाही?

मी सैन्याच्या इंजिनिअर दलात 24 वर्षं काढली. बहुतेक काळ डोंगरात रस्ते काढण्यात आणि नाल्यांवर पूल टाकण्यात गेला. त्यामुळे कुठलंही जुनं युद्ध वाचताना तलवारी मोजण्याआधी मी धान्य कुठून आलं, पाणी कुठे होतं आणि परतीची वाट कोणती होती, हे शोधतो. डेसियाच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला तिथेच सापडली.

आधी भूगोल. आजच्या रोमानियात कार्पेथियन पर्वत मोठ्या कमानीसारखा वळलेला आहे आणि त्या कमानीच्या कुशीत ट्रान्सिल्वेनियाचं पठार आहे. पर्वताच्या दक्षिणेला डॅन्यूब नदी, आणि नदीच्या दक्षिण काठावर रोमचा मोएशिया प्रांत. पठाराच्या नैऋत्य कोपऱ्यात ओरश्तिये डोंगररांग आहे. तिथे 1,000 ते 1,200 मीटर उंचीवर, बीचच्या दाट जंगलात, सार्मिझेगेटुसा ही डेसियाची राजधानी होती. डोंगरउतार कापून एकाखाली एक सपाट पायऱ्या पाडलेल्या, त्यांवर घरं, लोहारशाळा, देवस्थानं. तिच्या भोवती कोस्तेश्ती, ब्लिदारू, प्यात्रा रोशिये असे किल्ले. पश्चिमेकडच्या डोंगरांत सोनं. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात बुरेबिस्ता नावाच्या राजाने इथल्या डेसियन टोळ्या एकत्र बांधल्या होत्या. त्याच्यानंतर राज्य फुटलं आणि पुन्हा जोर धरला तो राजा देसेबालसच्या काळात. दोन्ही युद्धं लढलेला राजा तो हाच.

ही दोन युद्धं, इसवी सन 101 ते 106 मधली, रोमन सम्राट ट्राजानने केली. पण देसेबालस आणि रोम यांची गाठ त्याच्या आधीच पडली होती. 85-86 च्या सुमारास डेसियन लोकांनी नदी ओलांडून मोएशियाचा सुभेदार ओपियस सबायनस याला मारलं. सम्राट डोमिशियनने कॉर्नेलियस फस्कसला सैन्य देऊन डोंगरात पाठवलं. तो तिकडेच मारला गेला, त्याची निशाणं आणि शस्त्रं डेसियनांच्या हाती पडली. 88 मध्ये टेटियस ज्युलियानसने टापाए इथे मोठी लढाई जिंकली खरी, पण पश्चिमेला दुसऱ्या टोळ्यांनी डोकं वर काढल्यामुळे डोमिशियनने 89 मध्ये तह केला. रोमने देसेबालसला पैसा द्यायचा, शिवाय शांततेच्या आणि युद्धाच्या दोन्ही कामांत तरबेज असलेले कारागीरही द्यायचे, असं ठरलं.

पैशापेक्षा कारागिरांची ही देणगी मला फार मोठी वाटते. ब्लिदारूला तटाबाहेर एक पाण्याचं टाकं आहे, रोमन पद्धतीचं, पाणी न झिरपणाऱ्या चुन्याच्या गिलाव्याचं. मी त्या टाक्याजवळ बराच वेळ उभा होतो. शत्रूची विद्या डोंगरावर कशी चढली, याचा तो दगडी दाखला आहे. आणि ते टाकं तटाबाहेर आहे, हेही लक्षात ठेवा.

डेसियन तटबंदीचं तंत्र मात्र खास त्यांचं. बाहेरून आणि आतून घडीव चुनखडकाच्या दोन भिंती, मध्ये माती आणि दगडगोटे, आणि दोन्ही भिंतींना बांधून ठेवणाऱ्या आडव्या लाकडी तुळया. तुळईचं टोक बसावं म्हणून दगडात कोरलेली खाच आजही दिसते. एकूण जाडी सुमारे 3 मीटर. धडका मारणाऱ्या यंत्रापुढे असा तट ठिसूळ भिंतीसारखा फुटत नाही, कारण आतलं भरण मार पचवतं. दगडही जागेवरचा नाही, खाली कालान गावाजवळच्या खाणीतून वर चढवलेला. इतका दगड त्या सोंडेवर चढवणाऱ्या लोकांना नुसत्या रानटी टोळ्या म्हणू नये.

98 मध्ये ट्राजान सम्राट झाला आणि त्याने पहिलं काम कोणतं केलं? डॅन्यूबच्या घळीत रस्ता. नदी कार्पेथियन फोडून बाहेर पडते तिथे दोन्ही बाजूंना सरळ कडे आहेत. होड्या प्रवाहाविरुद्ध न्यायच्या तर काठावरून दोरांनी ओढाव्या लागतात, आणि ओढणाऱ्याला पाय ठेवायला जागा हवी. टायबेरियसच्या काळापासून तिथे थोडं थोडं काम चाललं होतं, ट्राजानने ते पुरं केलं. कड्यात खडक कोरून अर्धी वाट काढली. उरलेली अर्धी, खडकात भोकं पाडून बसवलेल्या तुळयांवर लाकडी सज्जासारखी पाण्यावर काढली. 100 सालचा त्याचा शिलालेख तिथे आहे. विसाव्या शतकात धरणाचं पाणी चढणार म्हणून तो खडकासकट कापून वर बसवला, रस्ता मात्र पाण्याखाली गेला. 101 सालचा दुसरा लेख सांगतो की खळाळांचा धोका टाळण्यासाठी नदीचा प्रवाह वळवून त्याने डॅन्यूबची नौकानयनाची वाट सुरक्षित केली. म्हणजे बाजूने कालवा काढला.

एवढा खटाटोप कशासाठी, याचा साधा हिशेब करून पाहा. सोयीसाठी 50,000 माणसं धरा आणि माणशी दिवसाला किलोभर धान्य. रोज 50 टन झालं. खेचर सव्वाशे किलो वाहतं असं म्हटलं तर एका दिवसाच्या धान्याला 400 खेचरं लागतील. ती खेचरंही खाणार. आठ दिवसांच्या वाटेवर ती आपल्याच पाठीवरचा मोठा वाटा संपवतील. होडीला चारा लागत नाही. डोंगरी राज्याच्या दारापर्यंत नदीने जेवढं जवळ जाता येईल तेवढं जायचं आणि खेचरांची वाट जितकी आखूड करता येईल तितकी करायची, हा सगळा डाव होता. रोममधल्या ट्राजानच्या स्तंभावर हे युद्ध कोरलेलं आहे, सुमारे 200 मीटर लांबीचा पट्टा गुंडाळल्यासारखा वर चढत जातो. त्याच्या अगदी सुरुवातीला नदीकाठच्या चौक्या, होड्या आणि रसदीचा माल दिसतो. पुढेही झाडं तोडणारे, छावणीचा तट रचणारे, मातीच्या टोपल्या वाहणारे सैनिक जागोजाग आहेत, प्रत्यक्ष लढाईचे प्रसंग त्या मानाने थोडे. ज्याने कोरलं, किंवा कोरून घेतलं, त्याला युद्ध कशाने चालतं ते माहीत होतं.

25 मार्च 101 रोजी रोममध्ये सम्राटाच्या सुखरूप परतीसाठी पुरोहितांनी नवस बोलले. सैन्याने होड्यांच्या पुलावरून नदी ओलांडली. ट्राजानने या युद्धावर स्वतः लिहिलं होतं. ते सगळं हरवलं. एका व्याकरणकाराने उदाहरण म्हणून उचललेलं एकच वाक्य उरलं, त्याचा अर्थ असा: तिथून आम्ही बेर्झोबिसला, मग आयझीला पुढे सरकलो. लोक त्या वाक्याला नीरस म्हणतात. मला ते फार आवडतं. पुढे सरकणाऱ्या तुकडीची नोंदवही अशीच असते, आज इथे, उद्या तिथे, आणि प्रत्येक मुक्कामामागे एक पक्की केलेली वाट.

टापाएच्या खिंडीत मोठी लढाई झाली. (या खिंडीलाही लोहद्वार म्हणतात आणि डॅन्यूबच्या घळीलाही. नकाशा बघताना दोन्हींची गल्लत करू नका.) डिओ कॅसियस या इतिहासकाराने त्या लढाईआधीची एक गोष्ट दिली आहे. डेसियाच्या दोस्त टोळ्यांनी एक मोठी अळिंबी पाठवली आणि तिच्यावर लॅटिनमध्ये लिहिलं की परत जा आणि तह पाळा. ट्राजान गेला नाही. लढाईत इतके जखमी झाले की पट्ट्या संपल्या, तेव्हा त्याने स्वतःचे कपडे फाडून पट्ट्यांना दिले, असंही डिओ म्हणतो. लढाई रोमनांनी जिंकली. राजधानी मात्र त्या वर्षी हाती आली नाही.

यानंतर देसेबालसने जे केलं त्यासाठी त्याला खरा सेनापती म्हणावं लागतं. डोंगरात दबा धरून बसण्याऐवजी त्याने हिवाळ्यात, सार्मेशियन या भटक्या टोळ्यांच्या घोडदळाला बरोबर घेऊन, डॅन्यूबच्या खालच्या अंगाला मोएशियावरच घाला घातला. रोमन सैन्य पश्चिमेच्या वाटेने आत शिरलेलं, आणि हा पूर्वेकडून त्यांच्या पिछाडीवर. ट्राजानला होड्यांतून माणसं नदीच्या खालच्या अंगाला न्यावी लागली. आजच्या रोमानियाच्या आग्नेय टोकाला अदामक्लिसी इथे रोमनांचं एक विजयस्मारक आहे, 109 मध्ये सूड घेणाऱ्या मार्स देवाला अर्पण केलेलं. त्यावरच्या दगडी पाट्यांमध्ये डेसियनांच्या बाजूचे योद्धे दोन्ही हातांनी कोयत्यासारखं वाकडं पातं चालवताना दिसतात, आणि रोमन शिपायांच्या उजव्या हातावर धातूच्या पट्ट्यांचं चिलखत दिसतं. त्या पात्याने हात तुटत होते, म्हणून हे चिलखत आलं असावं.

102 मध्ये रोमनांनी डोंगरातले किल्ले एकेक करून घेतले. फस्कसची हरवलेली निशाणं परत मिळाली, रोमन सेनानी लाबेरियस मॅक्सिमसने देसेबालसच्या बहिणीला पकडलं. राजाने तह मागितला. अटी अशा: शस्त्रं, यंत्रं आणि ती बनवणारे कारागीर परत करायचे, पळून आलेले रोमन सैनिक सोपवायचे, किल्ले पाडायचे, बळकावलेला मुलुख सोडायचा आणि रोमचा शत्रू तो आपला शत्रू मानायचा. यंत्रकारागिरांची अट वाचली की 89 च्या तहाची सल किती खोल होती ते कळतं.

ट्राजान तेव्हाच का थांबला? माझं मत असं की त्या घडीला त्याला डोंगरात राहता येत नव्हतं. त्याच्या मागे होता होड्यांचा पूल. डॅन्यूबमध्ये हिवाळ्यात बर्फ होतं, आणि वितळताना लाद्यांचे लोंढे वाहत येतात. असे लोंढे आले की होड्यांचा पूल एकतर आधीच उचलावा लागतो, नाहीतर तुटतो. दर वर्षी काही आठवडे नदीपलीकडचं सैन्य एकटं पडणार. अशा स्थितीत वाकलेल्या राजाकडून तह घेणं शहाणपणाचं होतं. देसेबालसलाही हे गणित माहीत होतं. किल्ले पाडायचं कबूल करणं आणि ते पाडलेले राहू देणं यांत फरक असतो, आणि पाहणाऱ्याला तिथवर पोचणं अवघड असेल तर तो फरक वाढत जातो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच. हरल्यावरही त्याच्याकडे डोंगर, सोनं आणि शिकलेले हात शिल्लक होते.

मग 103 ते 105 या काळात पूल झाला. दमास्कसचा अपोलोडोरस हा त्याचा स्थापत्यकार. आजच्या रोमानियातलं द्रोबेटा आणि सर्बियातलं क्लादोवो यांच्या दरम्यान, सुमारे 1,135 मीटर लांबीचा. नदीत 20 दगडी खांब. डिओने मापं दिली आहेत: पायापासून उंची 150 फूट, रुंदी 60 फूट, दोन खांबांमधला गाळा 170 फूट. खांबांवर लाकडी कमानी आणि त्यांवर रस्ता. डिओ नंतर शेजारच्या पॅनोनिया प्रांताचा सुभेदार होता आणि उभ्या असलेल्या खांबांबद्दल त्याने लिहिलं आहे. खोल पाणी, भोवरे आणि गाळाचा तळ असताना खांब बसवले कसे, याचंच त्याला नवल वाटतं. मलाही वाटतं. वाहत्या नदीत एक खांब उभा करायचा म्हणजे आधी त्याच्याभोवती लाकडी बांध घालून पाणी उपसत राहायचं, आणि पूर आला की पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे पंप होते, क्रेन होत्या, तरी एका डोंगरी नदीने आमचा पाया दोनदा वाहून नेला होता. असे 20 खांब तीनेक वर्षांत, पंपांवाचून, डॅन्यूबसारख्या नदीत.

हा पूल बांधून झाला तेव्हाच दुसऱ्या युद्धाचा निकाल बराचसा लागला होता, असं मी मानतो. हिवाळा आता देसेबालसच्या बाजूने राहिला नाही.

त्यालाही ते समजलं असणार. त्याने शस्त्रं जमवली, पळून आलेल्या रोमनांना आसरा दिला, किल्ले दुरुस्त केले, शेजाऱ्यांशी बोलणी सुरू केली. 105 मध्ये युद्ध पुन्हा पेटलं. त्याने ट्राजानवर मारेकरी घातले, पण तो कट फुटला. मग लाँजायनसचा प्रसंग घडला. लाँजायनस हा रोमन सेनानी. देसेबालसने भेटीला म्हणून बोलावून त्याला अडकवलं, ट्राजानचे बेत विचारले. तो बोलला नाही. मग राजाने ट्राजानला निरोप धाडला: लाँजायनस हवा असेल तर डॅन्यूबपर्यंतचा मुलुख आणि युद्धाचा खर्च द्या. ट्राजानने मोघम उत्तर दिलं. हा माणूस आपल्याला फार मोलाचा आहे असंही दिसू नये आणि अगदी कवडीमोल आहे असंही, म्हणजे त्याचा जीवही जाणार नाही आणि किंमतही चढणार नाही. लाँजायनसने एका मुक्त गुलामाकरवी विष मिळवलं. मी तुमच्यात तडजोड घडवतो, असं राजाला सांगून त्याने तोच माणूस पत्र देऊन ट्राजानकडे पाठवला, आणि तो सुखरूप पोचेल अशी वेळ साधून रात्री विष घेतलं. देसेबालसने नंतर त्या माणसाच्या बदल्यात लाँजायनसचं प्रेत आणि 10 कैदी देऊ केले. ट्राजानने माणूस दिला नाही. आपल्यामुळे सेनापतीचे हात बांधले जाऊ नयेत म्हणून एवढा थंड विचार करून मरण पत्करणारा माणूस मला या सगळ्या युद्धात सर्वांत मोठा वाटतो.

आता किल्ले पडले कसे ते पाहू. कोस्तेश्तीकडून राजधानीकडे जाणारी नदीची दरी मी पायी चढलो आहे. ती दरी राखण्यासाठी किल्ल्यांची मांडणी उत्तम आहे. खालून येणाऱ्याला प्रत्येक वळणावर वरून मार बसतो. पण त्याच डोंगररांगेत रोमन छावण्यांचे मातीचे तट सापडले आहेत, आणि त्यांतला एक 2,000 मीटरच्याही वर आहे. राजधानीपेक्षा कितीतरी उंच. म्हणजे सैन्याची एक फळी दक्षिणेकडून डोंगराच्या धारेने चालत आली आणि राजधानीवर वरून उतरली. धारेवर पाणी कमी, वारा जास्त, झाडी विरळ, रसद पोचवणं महाकठीण. ज्याची रसद पक्की आहे त्यालाच ही वाट परवडते. दरीसाठी बांधलेले किल्ले धारेवरून आलेल्या सैन्याला थोपवू शकले नाहीत.

106 मध्ये सार्मिझेगेटुसाला वेढा पडला. इथे पाण्याचा मुद्दा येतो. झऱ्याचं पाणी भाजलेल्या मातीच्या नळांनी वस्तीत आणलेलं होतं, ते नळ उत्खननात मिळाले आहेत. गडावर जाणारा कुठलाही माणूस आधी टाकी बघतो, हे आपल्याला सांगायला नको. बाहेरून येणाऱ्या नळावर जगणारी वस्ती वेढ्यात फार दिवस राहत नाही. स्तंभावर एक प्रसंग आहे: एका मोठ्या भांड्यातून डेसियन सरदारांना काहीतरी प्यायला दिलं जातंय, हात पुढे होताहेत, काही जण कोसळलेले आहेत. काही अभ्यासक त्याला सामूहिक विषप्राशन म्हणतात, काही शेवटच्या पाण्याची वाटणी. माझा कौल पाण्याकडे आहे, पण कोसळलेली माणसं बघितली की विष मानणाऱ्यांचं म्हणणंही उडवून लावता येत नाही.

देसेबालस निसटला. घोडेस्वारांनी त्याला गाठलं तेव्हा त्याने स्वतःचा अंत केला. ही गोष्ट स्तंभावर आहेच, पण 1965 मध्ये ग्रीसमध्ये फिलिपीजवळ एक थडग्याचा दगड सापडला. टायबेरियस क्लॉडियस मॅक्सिमस नावाच्या स्वाराचा. त्याने जिवंतपणीच आपली सगळी चाकरी दगडावर कोरून ठेवली होती, आणि त्यात लिहिलं आहे की देसेबालसला गाठून त्याचं शिर ट्राजानपुढे आपण नेलं. दगडावर चित्रही आहे, घोड्यावरचा मॅक्सिमस आणि कोसळणारा राजा. रोमच्या स्तंभावरचा प्रसंग आणि खुद्द त्या शिपायाची साक्ष असा दुहेरी पुरावा प्राचीन युद्धांत क्वचित मिळतो.

राजाने सार्गेटिया नदीचा प्रवाह वळवून पात्रात खजिना पुरला आणि काम करणाऱ्या कैद्यांना मारलं, अशी डिओची कथा आहे. बिसिलिस नावाच्या त्याच्या साथीदाराने ती जागा दाखवली. सोन्याचे जे प्रचंड आकडे जुन्या ग्रंथांतून सांगितले जातात त्यांवर माझा विश्वास नाही, पण रोममध्ये 123 दिवस खेळ चालले आणि ट्राजानचा भव्य चौक उभा राहिला, एवढा पैसा नक्की आला. त्या वेळी दूरदूरच्या देशांचे वकील रोमला आले आणि त्यांत भारतातलेही होते, असं डिओ लिहितो.

प्रांत झाल्यावर रोमनांनी लगेच रस्ते काढले. 108 सालचा मैलाचा दगड ऐतोन गावी सापडला, पोटाइस्सा ते नापोका या रस्त्यावरचा. सैन्यातल्याच एका स्पॅनिश पथकाने तो रस्ता बांधला. नवी राजधानी त्यांनी खाली सपाटीवर वसवली, नाव मात्र सार्मिझेगेटुसाच ठेवलं. आज रोशिया मोंताना म्हणतात त्या सोन्याच्या खाणीच्या गावी डाल्मेशियातून खाणकामगार आणले. तिथल्या बोगद्यांत मेणाच्या लाकडी पाट्यांवर लिहिलेले त्यांचे करारमदार सापडले आहेत.

आणि तो पूल? ट्राजाननंतर आलेल्या हेड्रियनने वरचं लाकूडकाम काढून टाकलं. नदीपलीकडच्या टोळ्यांनी पहारा मोडला तर त्यांना मोएशियात यायला सोपं जाईल, अशी भीती त्याला वाटली, असं डिओ सांगतो. खांब राहिले. एकोणिसाव्या शतकात एकदा डॅन्यूबचं पाणी फार खाली गेलं तेव्हा विसांचे वीस वर दिसले होते.